धनीची हाक

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. निलोफरला नाही, अण्णांना नाही, बायकोला नाही — आणि बायकोपासून काही लपवून कोल्हापुरात संसार करणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मध्येच थांबवणार नाही. ‘जाऊ दे की, एवढं काय त्यात’ असंही म्हणणार नाही. म्हणू नका.

पण आधी धनी कोण ते सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि खरंच बोलायचं ठरवलंय तर हेही खरं, की धनीबद्दल बोलायला मला लई आवडतं. कुणी विषय काढायचा अवकाश. आजही.

‘चिंचवेस’ ही आमची ॲनिमेशनची वेब सिरीज. आमची म्हणजे दोघांची, मी आणि निलोफर. राजारामपुरीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक पंखा, खाली भडंगवाला. माणसं काढणं, हलवणं, त्यांना आवाज देणं माझ्याकडं. रंग, घरं, गल्ल्या, आभाळ तिच्याकडं. ती कबनूरची, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळं शांततेला केवढी किंमत असते हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मागं ना चॅनेल, ना कंपनी, ना मुंबई. जे केलं ते दोघांनी केलं, आणि — मोठेपणा वाटला तर वाटू दे — नाद खुळा केलं.

चिंचवेस नावाचं एक गाव आहे. तिथं एक माणूस येतो, त्याचं नाव धनी. तो कुणाला मारत नाही, दम देत नाही, पळत तर अजिबात नाही. गल्लीच्या टोकाला उभा राहतो आणि हाक मारतो, बस्स. ज्याच्या कानावर हाक पडली तो हातातलं टाकून चालायला लागतो. बाई तव्यावरची भाकरी तशीच सोडून निघते. न्हावी अर्धी दाढी सोडून निघतो, आणि त्याच्या मागनं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकसुद्धा. गावात एकच पोरगी उरते जिच्यावर त्या हाकेचा काही उपयोग नाही, कारण तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती आमची मुक्ता. गोष्ट तिची आहे, पण बघणाऱ्यांच्या डोक्यात बसला तो धनी. जयसिंगपुरात माझ्या आत्याच्या गल्लीत आया पोरांना सांगतात, गप जेव, न्हायतर धनी हाक मारंल. कागलच्या पुढं हायवेला एका ट्रकच्या मागं मी धनी रंगवलेला बघितला, माझ्याच रेषेतला, जरा पोट सुटलेला. गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो, ट्रकसोबत स्वतःचा फोटो काढला. ड्रायव्हर बघतच राहिला. त्याला सांगितलं, हा मी केलाय. त्याला काही पटलं नाही.

असा खलनायक सहज होत नसतो हो. पहिला धनी मी काढला तेव्हा त्याला मिशा होत्या, गालावर वार होता आणि दर दोन मिनिटांनी तो हसत होता. निलोफर बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, हा खलनायक न्हाय, ह्याचं मिरचीचं दुकान हाय. राग आला मला. पण दुसऱ्या दिवशी मिशा काढल्या. मग वार पुसला. मग हसणं काढलं, आणि ते काढल्याबरोबर अंगावर काटा आला. तेव्हा कळलं की भीती घालायची नसते, काढत काढत जायचं असतं. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, खांद्यावर नीट घडी घातलेला टॉवेल, एका पायावर भार देऊन उभं राहणं. चेहरा प्रेमळ. मी निलोफरला म्हटलं, ह्याचं ह्या गावावर खरोखर प्रेम आहे असं दिसलं पाहिजे. ती म्हणाली, आता जरा भ्या वाटायला लागलंय.

आणि एक गोष्ट घरातली घेतली. आम्ही जैन, मूळचे जयसिंगपूरचे, वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दुकान इकडं आणलं. दिवस मावळायच्या आत आमच्या घरी जेवण होतं. अण्णा गिऱ्हाईक अर्ध्यावर ठेवून उठतील, पण ती वेळ टळू देणार नाहीत. ते मी धनीला दिलं. सूर्य कलला की तो हात धुतो, पाट मांडतो, शांतपणे जेवतो आणि त्या दिवसापुरतं संपलं. म्हणजे चिंचवेशीत भीती दिवसाची. अंधार पडला की लोक निर्धास्त दारं उघडतात, पोरं अंगणात खेळतात. सगळ्या भुताटकीच्या गोष्टी उलट्या करून टाकल्या आम्ही. अण्णांनी तो भाग बघितला, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसले आणि सगळ्या पाहुण्यारावळ्यांना फोन करून सांगितलं की हे माझ्यावरनं घेतलंय. मीही जिथं बोलायची वेळ आली तिथं सांगितलं, हे अण्णांचं आहे. म्हणजे बघा — ज्याचं त्याचं नाव घ्यायला मला येत नव्हतं, असं नाही.

अडलं ते हाकेपाशी. सगळं झालं होतं आणि धनी मुका होता. शिट्टी वाजवून बघितली, मंत्र घालून बघितला, निलोफरकडनं गुणगुणून घेतलं. सगळं बाजारातनं आणल्यासारखं वाटायचं. हाक अशी पाहिजे होती की ऐकणाऱ्याला जावंसं वाटलं पाहिजे. तुम्हालाही. खुर्चीतनं उठावंसं.

आता ईश्वरामामा.

आमच्या पेठेत दूधकट्टा आहे. गवळी म्हशी तिथंच आणून बांधतात, आणि तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देतात. ईश्वरामामा माझ्या लहानपणापासून तिथं आहे. अण्णांच्या बोटाला धरून मी जायचो तेव्हापासून. तो माप भरायचा आणि थांबायचा. फेस खाली बसेपर्यंत थांबायचा, मग वर आणखी धार मारून माप पुरं करायचा. फेस मापात धरायचा नाही, हा त्याचा नेम. बाकीचे गवळी हसायचे त्याला. पण त्याच्या दुधात पाणी आहे असं त्याचा वैरीसुद्धा म्हणाला नसता, आणि त्यानं एखादी गोष्ट सांगितली की कट्ट्यावर तिची शहानिशा कुणी करत नसे. मामा म्हणाला ना, मग झालं.

त्याची आणखी एक तऱ्हा होती. अनोळखी गिऱ्हाईक आलं की ‘या पावणं, बसा पावणं’. ओळखीचं आलं की शिवी. जितकी जवळची ओळख तितकी शिवी कडक. मला तो ‘सुकाळीच्या जिन्या’ म्हणायचा. माझं नाव जिनेंद्र. कॉलेज करून, पुण्यात नोकरी करून, ती सोडून परत आलो तेव्हा पहिल्या दिवशी कट्ट्यावर गेलो, तर सगळ्यांसमोर म्हणाला, आलं का बेणं परत? त्या दिवशी मला वाटलं की आलो बाबा घरी.

त्याची लाडकी म्हैस मोरणी. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशींची मिरवणूक असते. शिंगं रंगवायची, कवड्यांच्या माळा, मोरपिसं, अंगावरचे केस भादरून नक्षी. पोरं सायलेन्सर काढलेल्या गाड्या घेऊन पुढं पळतात आणि धन्याच्या हाकेवर म्हैस मागनं धावते. खरी गंमत ती हाकेची. प्रत्येक घराची हाक वेगळी, प्रत्येक म्हशीचीही. म्हैस आपल्या धन्याच्या हाकेला येते, दुसऱ्यानं कितीही घसा फोडला तरी ढुंकून बघत नाही. आणि दुसऱ्याच्या हाकेला कुणी हात लावत नाही. कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण कुणी मोडलंय असं मी तरी ऐकलेलं नाही.

मी गेलो होतो म्हशींची चाल टिपायला. पुढच्या एका भागात जनावरं लागणार होती. फोन धरून उभा होतो. मामानं गाडी घेतली नव्हती, त्याला ते आवडत नसे. तो चालत रस्त्याच्या पार टोकाला गेला, एका पायावर भार देऊन उभा राहिला — होय, तो पायही त्याचाच, तेही आत्ता सांगून टाकतो — आणि त्यानं हाक मारली. आधी खालच्या पट्टीत एक लांब ‘होऽऽ’, मध्येच तुटलेला. मग हलकंच, घरात कुणाला उठवावं तसं, ‘ये गं’. एवढ्या गर्दीतनं, एवढ्या फटफट्यांच्या आवाजातनं मोरणीनं मान वर केली आणि ती चालायला लागली. माणसं आपोआप बाजूला झाली. आणि खरं सांगू? माझाही एक पाय पुढं पडला.

मामा घामाघूम होऊन आला. फोन बघून म्हणाला, कार्टूनात घालतोस काय रं? मी म्हटलं, घालू का? त्यावर तो जे बोलला ते मला शब्दाला शब्द आठवतं.

“घाल की. पर हाक ईश्वराची हाय म्हणून सांगायचं. तेवढं इसरू नगंस.”

मी म्हटलं, व्हय मामा.

दुसऱ्या दिवशी ती हाक मी कॉम्प्युटरवर घेतली. गर्दीचा आवाज काढला. आवाज थोडा खाली उतरवला, थोडा ओढून लांब केला, मागं विहिरीसारखा घुमारा दिला, ‘गं’ कापलं. एवढंच. धनीच्या तोंडाला ती लावली आणि निलोफरला हाक मारली, बघ जरा. ती आली, तिनं बघितलं, हातातला पेन टेबलावर ठेवला. परत लावायला लावलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “जिनू, हे कुठनं आणलंस?”

महिनोन् महिने ही पोरगी माझ्या प्रत्येक रेषेला नाक मुरडत होती. मिरचीचं दुकान म्हणाली होती. आणि त्या क्षणी माझ्याकडं अशी बघत होती, की मी काहीतरी असं केलंय जे तिला कधी जमलं नसतं. काय अवघड होतं सांगायला? ईश्वरामामाची हाय, काल पाडव्याला टिपली — एवढं एक वाक्य.

मी म्हणालो, “केली मी.”

तिथं सुरुवात झाली. दोन शब्द. पुढचं सगळं ते दोन शब्द टिकवण्यासाठी.

भागाच्या शेवटी नावं येतात, त्यात आलं — ‘धनीची हाक: जिनेंद्र’. सिरीज चालली, कुणाकुणाचे फोन आले, मुलाखती झाल्या. प्रत्येक जण विचारायचा, हाक कशी सुचली? आणि मी सांगायला लागलो. आधी थोडंसं, मग रंगवून. जुन्या विहिरीत तोंड घालून स्वतः ओरडलो. बासरीच्या खालच्या सुराखाली स्वतःचा आवाज मिसळला. किती प्रयोग फसले. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे व्हायचे आणि मला आणखी सुचायचं. खोटं मी छान सांगतो, धंदाच आहे तो माझा. पुढं पुढं तर ती विहीर मला दिसायलाही लागली.

मामाकडं साधा फोन. पण कट्ट्यावर कुणीतरी त्याला भाग दाखवलाच. हाक ऐकल्याबरोबर तो म्हणे टाळी देऊन हसला, ही माझी हाक की रं! मोरणीची! रागावला नाही, उलट दुधाला येईल त्याला सांगत सुटला. आपली हाक एवढ्या लोकांच्या घरात जाते, याचं त्याला केवढं अप्रूप. मला विचारलं त्यानं, जिन्या, खाली नाव दिसत न्हाय रं माझं? मी सांगितलं, नावं सगळी शेवटच्या भागाला येतात मामा. त्यानं मान डोलावली. माझ्यावर अविश्वास दाखवायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मग सत्कार झाला. पेठेतल्या एका मंडळानं आम्हा दोघांचा ठेवला होता, फेटा, शाल, श्रीफळ. निलोफरला फेटा इतका शोभला की सगळे तिचेच फोटो काढत होते. हॉल भरलेला. मामा आलेला, कट्ट्यावरची सगळी माणसं घेऊन, परीटघडीचं धोतर, पुढच्या रांगेत. तो का आलाय हे मला दिसताक्षणी कळलं. शेवटचा भाग नुकताच येऊन गेला होता आणि त्यात त्याचं नाव नव्हतं. त्यानं आपल्या मनाशी धरलं असणार की पोरगं इथं, सगळ्यांसमोर सांगणार.

सूत्रसंचालकानं विचारलं, हाक कशी सुचली? मामा समोर बसलेला. तुम्ही असता तर? मी विहीर सांगितली. बासरी सांगितली. नेहमीपेक्षा चांगली सांगितली. टाळ्या पडल्या.

आणि मामा उठला. हसत होता तो. त्याला वाटलं असावं मी विसरलो, लहान पोर बक्षीस घ्यायला गेल्यावर बोलायचं विसरतं तसा. तिथनंच म्हणाला,

“आरं जिन्या, ती माझी हाक हाय की. मोरणीची. सांग की लोकांस्नी.”

हॉल हसला, प्रेमानंच. सगळे माझ्याकडं बघायला लागले. निलोफरही. माईक माझ्या हातात. अजून वेळ होती, बघा. ‘व्हय मामा, चुकलो’ म्हटलं असतं तर त्याच लोकांनी मला डोक्यावर घेतलं असतं, त्यालाही घेतलं असतं. पण मी आत्ताच विहिरीत उतरून आलो होतो ना.

मी हसून म्हणालो, “मामा, ज्यानं ज्यानं ऐकली त्याला ती आपलीच वाटते. हेच तर धनीचं यश आहे.”

असल्या टाळ्या मला आयुष्यात पडल्या नव्हत्या. काय वाक्य आहे, तुम्हीच सांगा. त्याचं खरं घेतलं आणि माझ्याच कौतुकात खपवून टाकलं, आणि ते इतकं गोड झालं की कुणाला काही लागलंसुद्धा नाही. मामा थोडा वेळ उभाच राहिला. मग शेजारच्यानं हाताला धरून बसवलं.

हे सगळं झालं. पण मी ज्याची कबुली द्यायला बसलोय ते हे नाही. हे त्याच्या आधीचं आहे.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर वाद पेटला. मामा खरा की जिन्या खरा? आयुष्यात पहिल्यांदा तिथं मामाच्या शब्दाची शहानिशा व्हायची वेळ आली. तेव्हा मामाच म्हणाला, मला नगा इचारू, जिन्यालाबी नगा. मोरणीला इचारा. म्हस चुकत न्हाय. मोरणी बांधलेली होती. एकानं फोन तिच्याजवळ भिंतीवर ठेवला, आवाज होता तेवढा मोठा केला आणि धनीची हाक लावली.

मोरणी रवंथ करत राहिली.

परत लावा, मामा म्हणाला. परत लावली. तिनं कानसुद्धा हलवला नाही. मामानं आणखी एकदा लावायला सांगितलं. मग नको म्हणाला. हे सगळं मला कट्ट्यावरच्याच एकानं हसत हसत सांगितलं, मामाची जिरली म्हणून. आणि ते ऐकताना अख्ख्या कोल्हापुरात मला एकट्याला ठाऊक होतं की म्हैस का हलली नाही. आवाज मी खाली उतरवला होता. ओढला होता. माणसाच्या कानाला ती तीच हाक होती, आणि म्हशीच्या कानाला तो कुणी परका माणूस होता. मूळची हाक तेव्हा माझ्या खिशातल्या फोनमध्ये होती, गर्दीसकट, ‘गं’सकट. कट्ट्यावर जायचं आणि बोट लावायचं. मोरणीनं दावं तोडलं असतं.

मी गेलो नाही. मामाच आला.

दुपारची वेळ, आम्ही दोघं कामात. जिन्यावर पावलं वाजली. मामा कधी आमच्या खोलीवर आला नव्हता. हातात डबा. दुसरी एक म्हैस व्यालेली, तिच्या चिकाचा खरवस करून आणला होता मामीकडनं. आत या म्हटलं तर आला नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मला म्हणाला,

“माझं चुकलं. मोरणीनं वळखली न्हाय, म्हंजी माझी न्हवं ती. चारचौघांत बोललो. राग धरू नगा.”

धरू नगा. नगंस नाही. तुमच्या लक्षात आलं?

आणि मी — ऐका, हेच सांगायचं होतं — मी त्याला माफ केलं. म्हणालो, असू द्या मामा. वय झालं की होतं असं.

माझ्या तोंडातनं गेलं ते. वय झालं की होतं असं. त्याला स्वतःच्या कानाबद्दल जी शंका आली होती, तिला मी आणखी एक खिळा मारला. ज्या माणसानं फेससुद्धा कधी मापात धरला नाही, त्यानं माझ्या दारात उभं राहून मी केलेल्या चोरीची माफी माझ्याकडं मागितली, आणि मी ती मोठ्या मनानं दिली. तो गेल्यावर निलोफर म्हणाली, केवढा साधा माणूस, आणि तू पण छान बोललास. तिनं डबा उघडला. आम्ही खरवस खाल्ला. गूळ बेताचा, वेलची बरोबर. मी दोनदा घेतला.

पुढच्या पाडव्याला मी लांब उभा राहून बघत होतो. मामा मोरणीला सजवून घेऊन आला, टोकाला गेला, हाक मारली. आणि गर्दीतली पोरं ओरडली, आला रं धनी! मामा कार्टूनची नक्कल करतोय! सगळे हसले. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. त्यांनी ती हाक आधी माझ्याकडं ऐकलेली, मग नक्कल मामाचीच ठरणार की. मोरणी अर्ध्या वाटेत आली होती. मामानं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. तो चालत तिच्याजवळ गेला, दावं धरलं आणि तिला घेऊन घरी गेला. त्यानंतर तो मिरवणुकीत आला नाही. कट्ट्यावरही मोरणीला ‘चल’ एवढंच म्हणायचा.

मोरणी गेल्या पावसाळ्यात गेली. आता ती हाक ओळखणारं जगात कुणी नाही. मामा ती मारत नाही, मोरणीच नाही तर मारणार कुणाला? त्यामुळं खरी हाक आता फक्त माझ्या फोनमध्ये आहे, आणि दुसरी धनीच्या तोंडात. तेव्हा एक बोट लावायचं राहिलं होतं, आता ते लावूनही उपयोग नाही.

आणि तरी मी तुम्हाला फसवणार नाही. मला धनीचा अभिमान आहे. मिशा काढल्याचा आहे, सूर्यास्ताचा आहे, त्या प्रेमळ चेहऱ्याचा आहे. याहून चांगलं काही माझ्या हातनं झालेलं नाही, आणि होईल असं वाटत नाही. रस्त्यात कुणी धनीची हाक मारून दाखवली की माझी छाती आजही फुगते. आधी फुगते, मग मामा आठवतो. ह्याच क्रमानं. दुसऱ्या सीझनचं काम चालू आहे. हाक तीच आहे. खाली नाव माझंच आहे.

परवा सकाळी कट्ट्यावर गेलो होतो. घरी पाहुणे येणार होते, दूध जास्त लागणार होतं. मामा बसलेला. मला बघून उठून उभा राहिला — हल्ली उठतो तो मी आलो की — खांद्यावरच्या टॉवेलनं कट्टा पुसला, मला बसायला जागा केली.

“या पावणं,” म्हणाला. “किती देऊ?”

मी किटली पुढं केली. त्यानं धार काढली, माप भरलं आणि ते हातात धरून तो थांबला, फेस खाली बसेपर्यंत. फोन माझ्या खिशात होता. फेस बसला. मामानं वर आणखी धार मारली, माप पुरं केलं आणि किटलीत ओतलं.